पाण्याची वेळ

आई आजही पहाटे सव्वाचारला उठते. गजर वगैरे काही लागत नाही. वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. पण सव्वाचार म्हणजे सव्वाचार. स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते, धारेखाली उलटा हात धरून बघते आणि मग पितळेची कळशी भरून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवते. तिच्यावर धुवट फडकं, फडक्यावर ताटली. आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या नळाला दिवसभर पाणी असतं, हे मी तिला सहा वर्षं सांगतोय. ती “हो का” म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी भरते. संध्याकाळी तेच पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घालते. एकदा मी जरा चिडूनच विचारलं, “अगं, पण कशासाठी?” तर म्हणाली, “असू दे. पाण्याचा काय भरवसा?”

भरवसा नव्हताच. लालबागच्या ज्या चाळीत तिची चाळीस वर्षं गेली, तिथे पाणी साडेचारला यायचं आणि सहाच्या आत जायचं. पाणी आलं, पाणी गेलं, आज लवकर गेलं, आज आलंच नाही. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं आम्ही पाण्याबद्दल बोलायचो. मजल्याच्या टोकाला सामाईक मोरी, तिथे दोन नळ आणि मजल्यावर अठरा बिऱ्हाडं. नंबर रात्रीच लागायचे. नंबराला माणूस लागत नसे. फुटकी बादली, डालड्याचा डबा, काहीही चालायचं. एकदा कुणीतरी अंगठा तुटलेली चप्पल ठेवली होती, तेव्हा मात्र पिण्याच्या पाण्याच्या रांगेत चप्पल ठेवतात का, यावरून जे भांडण जुंपलं ते गणपतीपर्यंत पुरलं.

पाणी यायच्या आधी नळ खाकरायचा. मग नुसता वारा. मग तांबूस पाण्याची एक गुळणी. ती बादली संडासासाठी बाजूला. मग धार. धार करंगळीएवढी असली तर आईचा चेहरा पडायचा, अंगठ्याएवढी असली तर ती इकडचंतिकडचं बोलायला लागायची. आधी पिण्याचा हंडा, मग स्वयंपाकाच्या दोन कळश्या, आणि शेवटी मोरीतलं पिंप. पिंप काठोकाठ भरलं की आई त्याला बाहेरून दोन चापट्या मारायची, गोठ्यात म्हशीला मारतात तशा.

यातलं पुष्कळसं मी ऐकून सांगतोय, कारण मला कधी उठवलंच नाही. उठवायचे ताईला. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सातवीत असल्यापासून लग्न होऊन जाईपर्यंत ते पिंप तिने भरलं. मी वर्गात पहिल्या पाचात असायचो, ती पहिल्या तासाला पेंगायची. घरात त्याचा अर्थ “पोरीचं अभ्यासात लक्ष नाही” असा लावला जायचा. या शहराबद्दल काही लिहायला बसलो की ही नोंद आधी करून टाकावीशी वाटते. मग बाकीचं.

बाबा गिरणीत होते. पहिली पाळी असली की सातच्या भोंग्याला ते खात्यात हवेत, म्हणजे सहाला डबा तयार हवा, म्हणजे त्याआधी पाणी हवं. भोंगा आणि नळ या दोन वेळांच्या मधल्या फटीत आमचं सगळं घर बसलेलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो रीतसर कधी मिटलाच नाही, आणि भोंगे एकेक करून गप्प झाले. बाबांना त्यानंतर सकाळी कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. पाणी मात्र साडेचारलाच येत राहिलं.

ही साडेचारची वेळ ठरवतं कोण, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता. सूर्य सहाला उगवतो तसं पाणी साडेचारला येतं, एवढंच. मग रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि पहाटे चालायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तो माणूस दिसला.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याने लोखंडी झाकण उचलून बाजूला ठेवलं होतं. खड्ड्यात छातीच्या उंचीची लोखंडी चावी घातलेली, वर आडवी मूठ. मूठ दोन्ही हातांनी धरून तो घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत होता. ओठ हलत होते. मला वाटलं, जप चाललाय. तो आटे मोजत होता.

यांना चावीवाले म्हणतात. मुंबईतल्या जलवाहिन्यांवर असे शेकडो व्हॉल्व्ह आहेत, आणि ते दिवसरात्र पाळ्यांमध्ये माणसं हाताने उघडतात, हाताने मिटतात. मुंबईला एवढं पाणी मिळतं आणि तरी ते ठरावीक वेळीच का येतं, याचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा त्या खड्ड्याशी उभं राहून लवकर मिळतं.

“कितीला सोडता?” मी विचारलं.

“चार पस्तीस.”

“कुठवर?”

“सहा दहा. मग पलीकडच्या गल्लीचं.”

“दोन्हीकडे एकदम सोडलं तर?”

त्याने माझ्याकडे, शाळेतला मास्तर बघतो तसं बघितलं. “चढणार नाही साहेब. पाणी पसरतं. पसरलं की त्याचा जोर जातो. मग तुम्हालाही नाही, त्यांनाही नाही.” मग चावी उपसता उपसता म्हणाला, “हा अठ्ठावीस आट्यांचा आहे. पुढचा बावीसचा, पण गंजलाय. तो बावीस आट्यांत जीव काढतो.”

त्यानंतर आमची तोंडओळख झाली. मी त्याला मामा म्हणतो, तो मला अजून साहेबच म्हणतो. त्याच्याकडून कळलेली एक गोष्ट मला फार आवडली: पाणी आलं की नाही ते तो बघत नाही. चावीच्या मुठीवर तळहात ठेवतो. खाली पाणी धावू लागलं की लोखंडात बारीक थरथर येते. कधी आवाज बदलला, तर कुठेतरी गळती आहे हे त्याला कळतं. नकाशा त्याच्याकडे नाही. या भागातल्या जमिनीखालचे नळ कुठून कुठे जातात, कुठल्या नळाला कुठला जुना नळ मध्येच भेटतो, हे त्याला आधीच्या चावीवाल्याने फिरवून दाखवलं, त्याला त्याच्या आधीच्याने.

शाळेत आम्ही सात तलावांची नावं पाठ केली होती: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. (खरं तर सहाच केली होती, मध्य वैतरणा २०१४ मधलं, ते मी मुलाकडून घेतलं.) शहराच्या वयाचा अंदाज या नावांवरून येतो. आधी बेटावरच्या विहिरी आणि तळी होती. तळी बुजली, नावं उरली: धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. बस कंडक्टर ही नावं रोज पुकारतो आणि कुणीही खिडकीतून पाणी शोधत नाही. मग १८६० मध्ये हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्याने विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. ते पुरेनात म्हणून १८९२ मध्ये शहराने तानसा गाठला. १९५७ मध्ये वैतरणेवर धरण झालं, त्याला पालिकेचे अभियंते मोडक यांचं नाव दिलं. शहराला तहान लागली की ते आणखी एक डोंगर ओलांडून जातं, असं गेली दीडशे वर्षं चाललंय. आज रोज चारशे कोटी लिटरच्या आतबाहेर पाणी येतं. त्यातलं चार आणे ते पाच आणे गळतीत आणि चोरीत जातं, असं पालिकेच्याच हिशेबात वेळोवेळी आलेलं आहे.

येतं तेही गमतीशीर आहे. वैतरणा-तानसाचं पाणी डोंगरउतारावरून आपल्या आपण भांडुपपर्यंत येतं, पंपाची गरज पडत नाही. भांडुपला शुद्ध होतं, तिथून शहरभरच्या टेकड्यांवरच्या जलाशयांत. मलबार हिलला कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटासमोर आपण लहानपणी फोटो काढले, त्याच्या समोरच्या हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईचं पाणी साठवलेलं आहे. १८८० च्या दशकापासून. काही मुख्य जलवाहिन्या आता जमिनीखाली फार खोल, खडकात खोदलेल्या बोगद्यांतून जातात. त्या कुणाला दिसत नाहीत आणि तीच पंचाईत. ठाण्यात कुणीतरी बोअरवेल खणताना थेट अशा एका बोगद्याला भोक पाडलं, आणि ते बुजवायला २०२३ च्या मार्चअखेरपासून महिनाभर मुंबईत पंधरा टक्के पाणीकपात झाली. पाण्यासाठी जमिनीत भोक पाडलं आणि पाणी लागलंही! बिचाऱ्याला क्षणभर आपल्या नशिबाचा हेवा वाटला असेल.

तर चावीवाल्याच्या ‘मग पलीकडच्या गल्लीचं’ या वाक्यापाशी मी अडकलो होतो. मुंबई पाण्याची टंचाई सोडवत नाही, ती टंचाईला वेळा नेमून देते. आणि हे मी टीका म्हणून म्हणत नाहीये. सव्वा कोटीच्या वर माणसांचं शहर इतकी वर्षं असं चालवणं ही मोठी कारागिरी आहे. माझं दुखणं वेगळं आहे. एका गल्लीला चार पस्तीस मिळाले, दुसरीला रात्री पावणेबारा. हे कोण ठरवतं, आणि त्या वेळेला जागं कोण राहतं?

वर्षानुवर्षं पालिकेचा हिशेब असा राहिला की इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५. झोपडपट्टीत पाच घरांचा गट करून एक नळ. पाच घरांत भांडण लागलं की नळ कुणाच्या दारात, हा प्रश्न उरतोच. आणि ठरावीक साल उलटून गेल्यावर आलेल्या वस्त्यांना तोही नळ नाही, कारण नळ दिला तर वस्ती कायदेशीर ठरेल अशी भीती. ‘पाणी हक्क समिती’ हे घेऊन उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचं धोरण यायला मात्र १ मे २०२२ उजाडला. निकाल आणि धोरण यांच्या मधल्या सात वर्षांत किती ताया पहाटे उठल्या असतील, याची मोजदाद कुठल्या खात्यात होत नाही.

आमच्या चाळीचा पुनर्विकास झाला. पुढे विक्रीची उंच इमारत, मागे आमची पुनर्वसनाची. पाण्याची वेळ गेली असं आम्हाला वाटलं. ती गेली नव्हती. तिची नोकरी वॉचमनकडे गेली होती, एवढंच. चार पस्तीसला पाणी येतं ते जमिनीखालच्या टाकीत. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. पंप चालू करायला कुणीतरी उठतं, तो आता बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आहे, आणि एकदा त्याला डोळा लागला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सात ते नऊ त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं, त्यात माझाही एक मेसेज होता. नंतर पुसला. पण तोवर निळ्या खुणा आल्या होत्या.

पुढच्या इमारतीला सातव्या मजल्यावर तरणतलाव आहे. आमच्या गॅलरीतून दिसतो. निळ्या फरशीचा, रात्री आतून दिवे लागणारा. राहायला आलो त्या आठवड्यात आई बराच वेळ कठड्याला धरून बघत होती. मला वाटलं, आवडला असेल. “उघडंच ठेवलंय पाणी,” ती म्हणाली. “झाकत नाहीत?”

अशा इमारतींना पालिकेचं पाणी पुरत नाही, मग टँकर येतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये भूजल उपशाच्या परवान्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा चार दिवसांत कळलं की काचेच्या कितीतरी इमारती चाकांवरच्या पाण्यावर उभ्या आहेत. आणि टँकरचं पाणी कुठलं? बरंचसं जुन्या विहिरींचं आणि बोअरचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या धास्तीने मुंबईतल्या विहिरी झाकायला, बुजवायला लावल्या होत्या. ज्या वाचल्या त्यांचं पाणी आज टँकरच्या दराने विकलं जातं. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ पासून आहे तशी आहे, समुद्र एवढा जवळ असून गोडी. पारशी समाजाने ती पवित्र मानली, म्हणून राहिली. श्रद्धेने पाणी राखलं असं एखादं उदाहरण दिसलं की माझ्यासारख्या नास्तिकाची जरा अडचण होते.

आता शहापूरचं सांगतो.

आईची मावसबहीण शहापूर तालुक्यात राहते. भातसा आणि तानसा, दोन्ही याच तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा. मे महिन्यात तिच्याकडे लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या मागे चार निळी पिंपं रांगेत, आणि एक भाचा फोनवर कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करत होता: टँकर दहाला यायचा होता, साडेअकरा झाले होते. हळदीच्या अंगाने नवरा मुलगा बसून. शेवटी बाराला टँकर आला, विहिरीत ओतला, आणि अख्खी वाडी दोरबादली घेऊन विहिरीवर. मी पाण्याला इतकी माणसं एकदम धावताना चाळ सोडल्यापासून पाहिली नव्हती.

संध्याकाळी मावशीबरोबर शेताच्या कडेने चालत गेलो. तिथून मोठी जलवाहिनी जाते, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, काळपट, दोन्ही बाजूंनी करवंदीची जाळी वाढलेली. एका ठिकाणी हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी झिरपत होतं. त्याखाली दोन बायकांनी कळश्या लावल्या होत्या. कळशी भरायला किती वेळ लागतो, मी विचारलं. “गप्पा संपेपर्यंत,” त्यातली एक म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मावशीने पाइपावर हात ठेवला. चावीवाला ठेवतो तसाच. “हे तुमचं पाणी,” ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. रेल्वेच्या फाटकाशी उभं राहून एखादा म्हणतो ना, ही राजधानी, ही इथे थांबत नाही, तितक्या सहज. मला काय बोलावं सुचेना म्हणून मी भावली धरणातून तालुक्याच्या गावांना पाणी आणायच्या योजनेबद्दल विचारलं. ती म्हणाली, “नळ बसवलेत की. दारात आहे नळ.” दारात नळ होता खरा, त्याला कुणीतरी शेळीची दोरी बांधली होती.

आता मुंबईला आणखी पाणी हवंय, म्हणून वाडा तालुक्यात गारगाई धरणाची तयारी आहे. त्यात गावं जाणार, तानसा अभयारण्यातली लाखो झाडं जाणार. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्पही आहे, तो महाग पडतो असं म्हणतात. महाग कुणाला पडतो, हे मला त्या लग्नानंतर नीट कळेनासं झालंय. लग्नाहून परत येताना मावशीने पिशवीत आंबे, करवंदं आणि सुकट भरून दिली. घरी आल्यावर आईने पहिल्यांदा विचारलं ते नवरीबद्दल नाही. “पाणी होतं का गं बाई तिकडे?” असं स्वतःशीच.

आणि हे सगळं कुठल्या शहरात? जिथे पावसाच्या चार महिन्यांत सांताक्रूझला २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये आम्ही पेपरात तलावांचे आकडे शेअर बाजारासारखे वाचतो. २०२४ मध्ये ५ जूनपासून दहा टक्के कपात होती, आणि जुलैत लोक गुडघाभर पाण्यातून ऑफिसला गेले. दोन्ही बातम्या एकाच पानावर असतात आणि त्यात कुणाला विनोद वाटत नाही.

२६ जुलै २००५ ची गोष्ट प्रत्येक मुंबईकराकडे असते. माझीही आहे, पण ती इतरांसारखीच आहे, म्हणून सोडून देतो. चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दुपारी समुद्राला भरती. यातलं दुसरं अर्धं मला माझ्या ऑफिसातल्या वरळी कोळीवाड्याच्या मित्राने समजावलं. तो म्हणाला, तुम्ही लोक आभाळाकडे बघता, आम्ही तिथी बघतो. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर तीनला, अष्टमीला सहाला, बारसेला नवाला. पहाटे एक, दुपारी एक. अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे पाणी आळसावलेलं, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. “उधाणाच्या टायमाला पाऊस लागला की सांगायची गरज नाय. खिशात पाकीट वर ठेवायचं.”

हिशेब साधा आहे. मुंबईत पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखं मोजली गेली होती. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. म्हणजे भरती आली की शहराच्या मोऱ्या बंद. जुन्या गटारांची रचनाच तासाला २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असेल तर. म्हणून पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने उदंचन केंद्रं सुचवली: भरतीला दरवाजे लावायचे आणि आतलं पाणी पंपाने उचलून समुद्रात फेकायचं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझधरबंध अशी सहा झाली. माहुल आणि मोगऱ्याची रखडली. पावसात हमखास तुंबणाऱ्या हिंदमाता चौकासाठी तर परळच्या आणि दादरच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या. रस्त्यावरचं पाणी टाकीत भरून ठेवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. मी हे वाचलं तेव्हा हसूच आलं. अखेर पालिकेनेही पिंप घेतलं.

तेव्हा पाणी येण्याला वेळ आहे तशी जाण्यालाही आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी येते, तारीख, वेळ, उंची. आई ती कालनिर्णयच्या शेजारी चिकटवते. आणि ३१ मे पर्यंत नालेसफाई पुरी करायची असते. २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच आला, गेल्या पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. नाल्यांतला गाळ अजून काठावर होता. हिंदमाता भरलं, आणि भुयारी मेट्रोच्या, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. सगळे म्हणाले, पाऊस लवकर आला. त्याला ३१ तारीख कुणी कळवली नव्हती, हे खरंच आहे.

मिठी नदीबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगतो की ती विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते. म्हणजे शहराने पहिल्यांदा प्यायला जे तळं बांधलं, त्याच्याच ओसंडण्यातून.

गेल्या मंगळवारी पहाटे आईची आणि माझी गाठ स्वयंपाकघरातच पडली. ती कळशी भरत होती, मी बूट घालत होतो. म्हटलं, खाली येतेस? पाणी सोडतात ते दाखवतो. ती येईल असं वाटलं नव्हतं. लिफ्टमध्ये पदर सारखा करत राहिली, कुणाच्या घरी चालल्यासारखी.

मामा आले होते. झाकण उघडलेलं. आईला बघून त्यांनी चावी थांबवली. मी म्हटलं, “आई आहे माझी. चाळीत होती ना इथे, साडेचारच्या पाण्याला उठायची.”

“कुठल्या सालापर्यंत, आजी?”

आईने साल सांगितलं. मामांनी जरा हिशेब केला. “तेव्हा माझे वडील असायचे या लायनीला.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. ती म्हणाली, “तुमचे वडील रविवारी दहा मिनिटं उशिरा सोडायचे.”

मामा मोठ्याने हसले. “रविवारी सायकल नसायची आजी. भाऊ न्यायचा.” मग त्यांनी मुठीवरची एक बाजू रिकामी केली. “हात ठेवा. जोर नको लावू, नुसता ठेवा.”

आईने उजवा तळहात लोखंडावर ठेवला. मामा फिरू लागले, तीही त्यांच्याबरोबर छोट्या पावलांनी फिरू लागली. सहाव्या-सातव्या आट्याला ती थांबली. “आलं,” ती म्हणाली.

मामांनी खिशातून छोटी वही काढली, पेन्सिलीने ४.३५ लिहिलं. माझ्या फोनवर ४.४३ झाले होते. मी काही बोललो नाही. झाकण पायाने सरकवून त्यांनी चावी खांद्यावर टाकली. जायला निघाले तेव्हा आईने मागून विचारलं, “आता कुठे?”

“मागच्या रस्त्याचं बंद करायचंय,” ते म्हणाले. “तिथल्या बायका ओरडत असतील, पण आता तुमची वेळ झाली ना.”